वाण आणि गुण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आनुवंशिकतेविषयी आपल्या भाषेत दोन मार्मिक म्हणी आहेत. ‘खाण तशी माती’ ही पहिली. दुसरी, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. संगतीने वागणूक पालटेल, पण जन्मजात वाण पालटणार नाही, असा तिचा निर्वाळा. गुरांच्या आणि माणसांच्या बाबतीत तो खराच आहे. परंतु आपल्या आतड्यापासून समुद्रतळापर्यंत ज्यांची वस्ती आहे, त्या जीवाणूंच्या जगात शेजाऱ्याचा वाणही लागतो. हे कसे घडते आणि त्याची झळ आपल्या घराला कशी पोचते, हे आम्ही आज थोडक्यात सांगणार आहोत.

१९२८ साली लंडन येथे फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जीवाणूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी दोन प्रकार होते : कवच असलेला मारक, व कवच नसलेला निरुपद्रवी. उष्णतेने मारलेले कवचधारी जीवाणू टोचले, तर उंदीर जगत. मात्र तेच मृत जीवाणू जिवंत निरुपद्रवी जीवाणूंत मिसळून टोचले, तेव्हा उंदीर दगावले आणि त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जीवाणू सापडले. मेलेल्यांची विद्या जिवंतांनी उचलली होती, आणि ती त्यांच्या पुढच्या पिढ्यांतही उतरली. ही विद्या ज्या द्रव्यात साठविलेली असते ते डीएनए होय, हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी दाखवून दिले.

पुढे आणखी दोन वाटा उजेडात आल्या. दोन जिवंत जीवाणू परस्परांना चिकटून जनुके देतात, हे १९४६ साली लेडरबर्ग व टाटम यांनी सिद्ध केले. जीवाणूंवर जगणारे विषाणू एका पेशीतील जनुके दुसरीत नेऊन टाकतात, हे झिंडर व लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मांडले. पुष्कळ जीवाणूंत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, बहुधा वर्तुळाकार तुकडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. हातोहात फिरणारी टिपणवहीच ती !

ह्या वहीत काय लिहिलेले असू शकते, ते जपानने अनुभवले. १९५० नंतरच्या दशकात तेथे आमांशाचे असे जंतू आढळू लागले, की ज्यांच्यापुढे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे हतबल ठरत. एकाच जंतूत चार स्वतंत्र बदल योगायोगाने एकदम घडणे जवळजवळ अशक्य. १९५९ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की आतड्यात नांदणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंकडून हे चारही गुण एकाच गाठोड्यात आमांशाच्या जंतूंकडे जाऊ शकतात.

उत्क्रांतीच्या विचाराला ह्यामुळे नवी बाजू लाभली. डार्विनच्या १८५९ सालच्या ग्रंथात एकच आकृती आहे, ती फुटत जाणाऱ्या फांद्यांची. फुटलेली फांदी पुन्हा दुसरीला मिळत नाही. जीवाणूंचा वंशवृक्ष मात्र वडासारखा आहे. एका फांदीच्या पारंब्या दुसरीत शिरलेल्या दिसतात. निसर्गनिवडीचे तत्त्व ह्याने खोटे ठरत नाही. उपयोगी ते टिकते, हा नियम कायमच आहे. परंतु निवडीसाठी येणारा माल केवळ वडिलोपार्जित राहत नाही. म्हणून जे साधण्यास एरवी असंख्य पिढ्या लागत्या, ते काही तासांतही साधते.

येथेच आपला संबंध येतो. प्रत्येक अनावश्यक प्रतिजैविक गोळी आपल्या पोटातील दुर्बळ जीवाणू मारते आणि प्रतिकारक जीवाणूंना मोकळे रान देते. कोलिस्टिन हे अखेरच्या आधाराचे औषध. त्याला दाद न देणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये आढळले. २०१९ साली भारत सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत त्या औषधाचा वापर बंद केला. सरकारने आपले काम केले, पण घरातील औषधांच्या डब्यावर पहारा आपणच ठेवायचा आहे.

घरापासून दूर राहणारी आपण माणसे अडीअडचणीला एकमेकांच्या दारी जातो. हा शेजारधर्म पन्नास वर्षे ह्या मंडळाने जपला. आमची विनंती एवढीच, की शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी, तापात रात्र जागून काढावी, डॉक्टरांकडे घेऊन जावे. परंतु आपल्याकडे उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या तेवढ्या देऊ नयेत. सर्दीपडशाला त्या स्वतःही घेऊ नयेत. तसे केल्यास आपल्या नातवंडांना न्यूमोनिया झाला, तर त्यांच्यासाठी औषध शिल्लक राहील.