डोकं दुखतंय, आधी जेवलीस का?

(मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या एकदिवसीय आरोग्य शिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आज सकाळी नावं नोंदवताना बऱ्याचजणींनी तक्रार सांगितली, "डोकं दुखतं." आणि लगेच म्हणाल्या, "ते काय, नेहमीचंच!" मला या 'नेहमीचंच'बद्दल बोलायचं आहे. बाईचं डोकं दुखणं ही घरात चेष्टेची गोष्ट असते. कामाचा कंटाळा आलाय, सासूशी वाजलंय, पाळी जायचं वय झालंय, अशी कारणं दुसरेच ठरवतात. आपणही बाम चोळतो, कपाळाला फडकं बांधतो आणि कामाला लागतो.

मी वस्तीत आरोग्याचं काम करते आणि मलाही मधुमेह आहे. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. म्हणजे आपण काही मूठभर नाही. आपल्यापैकी कुणाचं डोकं दुखू लागलं, तर पहिला प्रश्न विचारायचा, "शेवटचं कधी खाल्लंस?"

आपली सकाळ आठवा. उठल्यावर चहाबरोबर गोळी घेतली. मग पाणी भरलं, सगळ्यांचे डबे केले, पोरांना शाळेत धाडलं, धुणीभांड्यांची दोन घरं केली. स्वतःच्या पोटात अन्न गेलं अकरा-बाराला. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या अंगात तर ते थेटच जातं. ते आपलं काम करणार, पण पोटात अन्न नाही. मग रक्तातली साखर घसरते. मेंदूचं बरंचसं काम साखरेवर चालतं, म्हणून डोकं ठणकतं. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, उगाच चिडचिड होते. रात्री साखर उतरली तर सकाळी उठतानाच डोकं जड असतं आणि अंगावरचे कपडे घामाने ओले असतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी क्वचितच घसरते. म्हणून आपली गोळी कोणती, तिचं नाव काय, हे प्रत्येकीला माहीत हवं.

अशा वेळी काय करायचं? यंत्र असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. यंत्र नसेल आणि लक्षणं तशीच वाटत असतील, तरी थांबू नका, साखर घ्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही, तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. मग भाकरी, पोळी, जे असेल ते खा. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. तिला कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या.

आता उलटी बाजू. साखर फार वाढली की लघवीला सारखं होतं, अंगातलं पाणी जातं, तोंड कोरडं पडतं आणि डोकं जड होतं. इथे उपाय म्हणजे साधं पाणी पिणं, साखर मोजणं, आणि ती उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवणं. पण बाजारात बसणारी, शेतावर जाणारी बाई पाणी पीतच नाही, कारण जायला जागा नसते. मुंबईत २०११ पासून बायकांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, ती किती योग्य होती हे इथे कळतं. मुतारीचा प्रश्न हा डोकेदुखीचाही प्रश्न आहे.

प्रत्येक डोकेदुखी साखरेचीच असते असं नाही. अर्धशिशी असते, जागरण असतं, मनावरचा ताण असतो. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही, म्हणून डोकं दुखण्याची वाट न बघता तो मोजून घ्यावा. साखर सारखी वरखाली होत असेल तर नजरही बदलते. अशा दिवसांत नवा चष्मा करू नका, साखर स्थिरावू द्या. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा मात्र तपासून घ्याच, कारण मधुमेहाने तो बिघडताना दुखत नाही.

दुकानातून आणलेल्या गोळ्यांबद्दल बजावून सांगते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि आपली मूत्रपिंडं मधुमेहामुळे आधीच धोक्यात असतात. घ्यायचीच झाली तर पॅरासिटॅमॉल, तीही कधीमधी. महिन्यातले १५ दिवस गोळी लागत असेल, तर त्या गोळीनेच डोकं दुखत राहू शकतं.

आणि उपास! हरतालिकेचा निर्जळी उपास असो की रमजानचा रोजा, मी कुणाच्या श्रद्धेला हात घालत नाही. पण डॉक्टरांना आधी विचारा, गोळीचं, इन्सुलिनचं प्रमाण बदलून घ्या आणि साखर घसरली तर तिथेच उपास सोडा. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायकोने स्वतःचं आयुष्य पणाला लावावं, हा कुठला न्याय?

काही डोकेदुखींना घरी थांबूच नका. अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं, तापाबरोबर मान आखडली, किंवा चेहरा सुजून नाकातून काळपट स्राव आला, तर तडक मोठ्या रुग्णालयात जा. "सकाळी बघू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

शेवटी, आपल्या गटांनी करायचं काय? वर्गणी काढून प्रत्येक गटाने साखर मोजायचं एक यंत्र घ्यावं, सुई मात्र प्रत्येकीला नवी. कामावर जाताना साखरेची पुडी कमरेला असू द्या. डोकं दुखलं ती वेळ, आधीचं खाणं आणि साखरेचा आकडा वहीत लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की 'नेहमीचंच' म्हणून कुणी वाटेला लावणार नाही. आणि घरात आजपासून एक नियम करा. गोळी घेतली की आधी आपण खायचं, मग बाकीच्यांचे डबे. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायची रीत मधुमेहात परवडत नाही. खरं तर ती कधीच परवडत नव्हती.