बसलेल्या गड्याकडे पाहा



 शाळेत असल्यापासून मी मैदानाला चिकटलेला माणूस. जोवर पळता आलं तोवर पळलो, आणि आता कडेला बसून पाहतो. या दोन्हींतला आनंद एकाच जातीचा आहे, हे मला आज सांगायचं आहे. पाहणंसुद्धा शिकावं लागतं. ते शिकायला धाराशिवसारखं गाव नाही, कारण आपल्याकडे खो-खो आहे.

खो-खोचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर पळणाऱ्या गड्यावर खिळते. साहजिकच आहे, हुलकावणी तोच देतो, टाळ्याही त्यालाच पडतात. पण सामना ठरतो तो दोन खांबांच्या मध्ये बसलेल्या आठ जणांत. एकाचं तोंड या बाजूला, तर शेजारच्याचं त्या बाजूला. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलटं फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. तो दोघांच्या मधून पलीकडे निसटला की पाठलाग करणाऱ्यासमोर उपाय एकच: पाठमोऱ्या बसलेल्या सोबत्याला मागून हात लावून खो द्यायचा आणि त्याच्या जागी बसायचं. म्हणजे जो उठणार, त्याच्या पाठीमागे आतापर्यंत सगळा खेळ चाललेला असतो. मान वळवून, कान देऊन त्याला अंदाज बांधावा लागतो. खो मिळण्याआधी उठला तर फाऊल, आणि उठायला क्षणभर उशीर झाला तर गडी हातचा गेला.

पुढच्या सामन्याला गेलात तर बसलेल्या गड्याच्या पायांकडे पाहा. उकिडवं बसलेलं, बोटं जमिनीला टेकलेली, टाचा हळूच सुटलेल्या, सगळा भार चवड्यावर. खो पडला की पहिलं पाऊल कुठल्या बाजूला पडणार, हे चांगल्या खेळाडूनं त्याआधीच ठरवलेलं असतं. ते पाऊल तुम्हाला आधी ओळखता आलं की तुम्ही त्या संघाबरोबर खेळायला लागलात. माझ्या लेखी खेळ पाहण्यातलं सगळ्यात मोठं सुख ते हेच. जो एकदा तरी फक्कीनं आखलेल्या मैदानावर अनवाणी बसलाय, त्याला ते लवकर सापडतं. न खेळलेल्यालाही सापडतं, थोडं उशिरा.

याच मातीतून सारिका काळे उभी राहिली. घरची परिस्थिती बेताची, पण मैदान सुटलं नाही. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली ती घडली. 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आला तो तब्बल 22 वर्षांनी. त्याआधी 1998 चा शोभा नारायण यांचा. पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. खेळाडूच्या हाती खेळाचा कारभार यावा, याचं मला त्या पुरस्काराइतकंच अप्रूप वाटतं.

मग जानेवारी 2025 आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. 19 तारखेला अंतिम सामन्यात आपल्या महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच 54-36 असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार मराठी. मातीऐवजी मॅट, अंगावर झगझगीत प्रकाश, नियमही बरेच बदललेले. जुन्या लोकांना यातलं काही रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. मला मात्र तो बदल हवासा वाटतो. मातीत सूर मारला की कोपर-गुडघे सोलून निघायचे. मॅटवर पोरी अधिक बिनधास्त झेपावतात. आणि टाचा अजून तशाच सुटतात!

कुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर बोलायला या गावात माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत. 2023 च्या नोव्हेंबरात आपल्या धाराशिवला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा जिंकली. तिथं म्हाताऱ्या वस्तादांना बघायला हवं. पैलवान पट काढायला वाकला की यांचा खांदा खाली जातो, ढाक लागली की यांची कंबर वळते. जत्रेच्या फडात, लाल मातीत, दोघे जण एकमेकांच्या माना धरून नुसते उभे असतात तेव्हा नवखा कंटाळतो. जाणता माणूस त्या वेळी श्वास रोखून असतो, कारण कुणाचा पाय जड झाला हे तेव्हाच कळतं.

ही नजर आपल्याला मैदानाबाहेरच्या माणसांनीही दिली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन करत, तेव्हा लांबच्या मैदानावरचं क्षेत्ररक्षण आमच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं. 'महाराष्ट्र टाइम्स' 1962 साली सुरू झाला आणि त्यात वि. वि. करमरकरांनी खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं. क्रिकेटच्या शेजारी खो-खो, कबड्डी, कुस्ती तितक्याच गांभीर्यानं छापून येऊ लागली. आपण खेळतो तोही खेळ वाचण्याजोगा आहे, हे गावोगावच्या पोरांना त्या पानानं पटवलं. हे उपकार फार मोठे आहेत.

एक खंत सांगतो. आपल्या पोरी भारताकडून खेळतात आणि जिल्हा स्पर्धेत त्यांचा सामना पाहायला मैदानाच्या कडेला दुसऱ्या शाळेच्या पोरी आणि दोन-चार शिक्षक, एवढेच. विश्वचषकाचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. त्या चषकाची तयारी आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर रोज संध्याकाळी चाललेली असते, तिकडे फिरकत नाही. अटीतटीच्या वेळी कडेनं एखादी आरोळी आली की थकलेल्या पोरीचा पाय कसा उचलतो, हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पावसाळ्यात शालेय तालुका आणि जिल्हा स्पर्धा लागतील. तारखा शाळेत विचारा. तिकीट नसतं, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. नातीला, लेकीला, सुनेला सोबत घेऊन या आणि मुलींचा सामना आधी बघा.