शस्त्रक्रियेनंतरची वाट
(वार्षिक सभेतील मनोगत, विश्रामबाग)



मुंबईच्या भरतनाट्यम् नर्तिका सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ च्या बस अपघातानंतर, जखम चिघळल्याने, किशोरवयातच कापावा लागला. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून साकारलेला ‘जयपूर फूट’ त्यांना लाभला. परंतु त्यावर तोल सावरीत, वेदना सोसत त्यांनी नृत्याचे धडे पुन्हा गिरविले आणि १९८४ मध्ये त्या रंगमंचावर परतल्या.

आम्ही हिशेबाची माणसे. शस्त्रक्रियेचे बिल एका दिवसात तयार होते. रुग्ण पुन्हा उभा राहण्याचे महिने मात्र कोणत्याच बिलात मावत नाहीत. आपल्या देणगीचे खरे मोल त्या महिन्यांत आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.