मांडवीवरच्या बार्जी



आपल्या भिलाईला लोहखनिज दल्लीराजहराहून रेल्वेने येते. गोव्यात ते नदीने जाते. माझी बहीण पणजीला दिलेली, त्यामुळे मांडवी मी निरनिराळ्या ऋतूंत पाहिली. दिवाळीनंतर खनिजवाहू बार्जींची रांग लागे. भरलेली बार्ज काठापर्यंत पाण्यात बसलेली, रिकामी उंच तरंगणारी. आपले लोड आणि एम्प्टी रेकच म्हणा ना! पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी समुद्र खवळतो. मग मुरगावला जायचे तर कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचे.

हे झाले निसर्गाचे ऋतू. २०१२ साली बेकायदा उत्खननामुळे खाणी बंद झाल्या. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लीजचे नूतनीकरणच रद्द केले. ऐन हंगामात नदी मोकळी, बार्जी काठाला बांधलेल्या आणि पणजीसमोर कॅसिनोचे दिवे! बेकायदा खोदकाम थांबायलाच हवे होते, त्याबद्दल वाद नाही. पण लीज काही खलाशाने घेतले नव्हते. घरी मात्र तोच बसला, ट्रकवाला बसला, गॅरेजवाला बसला.

लिलावानंतर आता काही खाणी सुरू झाल्या आहेत. कामावर घेताना जुन्या खलाशांचा हक्क पहिला, ही मागणी आपल्या फेडरेशनने उचलावी, असा माझा प्रस्ताव आहे.