औषध, गोंगाट आणि श्रवण
(वार्षिक सभेत कान-नाक-घसा विभागाच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या परिसराचे औषधनिर्मितीशी जुने नाते आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथे प्रथम पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. १९४३ मध्ये शोध लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य क्षयरुग्णांना जीवदान दिले. परंतु अल्पावधीतच असे आढळले की, त्यामुळे काहींचा तोल बिघडतो, तर काहींचे श्रवण कायमचे जाते. प्राण वाचवणारे औषध कानावर का उठते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कर्णतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ व पेशीशास्त्रज्ञ यांना एकत्र यावे लागले. त्या संशोधनाचा आपल्या रुग्णांशी असलेला संबंध आज आम्ही मांडू इच्छितो.

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाने त्यांवरील सूक्ष्म केस लवतात, पेशींची द्वारे उघडतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील जेंटामायसिनसारखी औषधे याच द्वारांतून आत शिरतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर दोन-तीन तासांत रक्तातील जेंटामायसिन निम्म्यावर येते; अंतर्कर्णात मात्र ते दीर्घकाळ रेंगाळते. म्हणूनच रक्ताचा अहवाल समाधानकारक असला तरी कान सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही. मनुष्याच्या नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

कर्करोगावरील सिस्प्लॅटिनची कथाही अशीच आहे. उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनीही ते अंतर्कर्णात सापडते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, यकृताचा कर्करोग असलेल्या बालकांवरील एका चाचणीत सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट देण्यात आले. ते न मिळालेल्या बालकांपैकी ६३ टक्क्यांचे श्रवण घटले होते. मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के राहिले. सहा तासांचे हे अंतर महत्त्वाचे आहे. तोवर सिस्प्लॅटिनचे कर्करोगावरील कार्य झालेले असते. थायोसल्फेट त्याच्या आड येत नाही. औषध शरीरात केव्हा व कोठे असते, या ज्ञानातून लाभलेले हे फळ आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. येथील प्रेस शॉपमध्ये अनेक कुटुंबांचे कर्ते पुरुष दिवसाचे आठ तास गोंगाटात काढतात. गोंगाट व ही औषधे एकत्र आल्यास केशपेशींची हानी अधिक होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

म्हणून आप्तजनांना आमची विनंती आहे की, अशी इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी तीन गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात: मूत्रपिंडाचा विकार आहे का, रुग्ण गोंगाटात काम करतो का, आणि आईच्या बाजूच्या कोणास इंजेक्शनानंतर बहिरेपणा आला होता का. हा दोष आईकडून अपत्यांत येऊ शकतो, हे १९९३ साली सिद्ध झाले आहे. कानात आवाज येऊ लागल्यास त्वरित कळवावे; मात्र उपचार स्वतःहून कदापि थांबवू नयेत. प्राण वाचवण्यासाठी कधी कधी हेच औषध अपरिहार्य असते.

विश्वस्त व देणगीदारांपुढे आमचे मागणे मर्यादित आहे. औषधाने होणारी हानी प्रथम अतिउच्च स्वरांत सुरू होते. त्या वेळी रुग्णाचे बोलणे-ऐकणे सुरळीत असल्याने घरच्यांना काहीच जाणवत नाही. सर्वसाधारण श्रवणमापक ८,००० हर्ट्झपर्यंतच तपासतो. त्यापलीकडचे मोजणारे यंत्र व ध्वनिरोधक कक्ष उपलब्ध झाल्यास हानी वेळीच ओळखून औषधाची मात्रा किंवा औषधच बदलण्याचा विचार करता येईल. गेलेले श्रवण परत देणे आमच्या हाती नाही. असलेले राखणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.