दुर्मिळ कर्करोग आणि रुग्णाचं म्हणणं

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचा कर्करुग्ण आसनगावहून लोकल धरतो. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस आधी एसटीने कल्याण गाठतो. परळच्या टाटा रुग्णालयात एका तपासणीत दिवस जातो, आणि लावणीचे दिवस असतील तर सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. दुर्मिळ कर्करोगांवरच्या संशोधनाची आखणी करताना हा खर्च धरायला हवा, हे रुग्णाशिवाय कोण सांगणार?

वर्षाला लाखात सहापेक्षा कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मिळ, असं युरोपातलं मोजमाप. एकेक दुर्मिळ खरा, पण सगळे मिळून दर पाच नव्या कर्करुग्णांमागे जवळपास एक!

रुग्णांची बाजू नेटाने मांडली की काय होतं? सी.एम.एल. या रक्ताच्या दुर्मिळ कर्करोगावरचं ग्लिव्हेक महिन्याला लाखाच्या वर पडे. भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ग्लिव्हेकच्या पेटंटला हरकत घेतली. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचं अपील फेटाळलं.

ती लढाई औषधाच्या किमतीची होती. संशोधन कशावर व्हावं हे ठरवताना मात्र रुग्ण अजून दाराबाहेरच आहे, असं माझं मत. २०१९च्या नियमांनुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक लागतोच. तो शहापूर-मुरबाडचा का नसावा?

तुम्हाला चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं, तर माहितीपत्रक मराठीत मागा, घरच्यांना दाखवा, शंका विचारा. नाही म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे.