ऑपरेशन एका दिवसाचं, पथ्य जन्माचं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, 'हा आळशी माणसांचा सोपा मार्ग.' दुसरं, 'एकदा ऑपरेशन झालं की सुटलो.' आहारतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांबरोबर काम करताना मला ही दोन्ही मतं सारखीच घातक वाटतात. पहिल्या मतामुळे गरजू माणूस लाजेनं मागे राहतो, तर दुसऱ्यामुळे उपचार झालेला माणूस गाफील होतो.

ही शस्त्रक्रिया नेमकं काय करते? 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. 'बायपास'मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. वजन झपाट्यानं उतरतं, अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. पण रात्री टीव्हीपुढे बसून काहीतरी तोंडात टाकायची सवय काही डॉक्टरांना कापून काढता येत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे फायदा टिकला, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. पण थोडं वजन परतलं. ते किती परतू द्यायचं, हे बरंचसं आपल्या रोजच्या वागण्यावर असतं.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या जोडीनं जीवनशैली बदलण्याचा कार्यक्रम हवा. सुरुवातीला पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ अन्न, अशा पायऱ्या असतात. नंतर ताटात प्रथिनं आधी. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. त्यामुळे अंडं, मासे, पनीर, दही, मोड आलेली कडधान्यं यांचा हिशेब ठेवावाच लागतो. घास बारीक चावायचा आणि पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं प्यायचं.

एक फसवी गोष्ट सांगते. भाकरीचा तुकडा अडतो, पण आईस्क्रीम, उसाचा रस, फरसाण सहज उतरतं. पोट भरल्याची जाणीव न होता उष्मांक मात्र साठत जातात. वजन परतायला इथूनच सुरुवात होते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. ब-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते; तोवर पायांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. शाकाहारी मंडळींनी तर अधिकच जपावं. सतत उलट्या होत असतील, तर 'होईल सवय' म्हणत थांबू नका. ब-१ कमी पडून काही आठवड्यांतच मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

चालणं हवंच, पण स्नायू टिकवण्यासाठी ताकदीचे व्यायामही हवेत. आणि घरच्यांना एक विनंती. 'एवढंसंच जेवलास?' हा आपला प्रेमाचा आग्रह या माणसाला त्रासाचा ठरतो. त्याऐवजी त्याच्याबरोबर रोज अर्धा तास फिरायला जा.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी डॉक्टरांना खर्च जरूर विचारावा, धोकेही विचारावेत. पण आणखी एक प्रश्न विचारावा: 'पुढची पाच वर्षं माझा आहार, माझे रक्ततपास, माझं मन याकडे कोण बघणार?' याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नये.